किती देते?

मराठी माणूस शेजाऱ्याची नवी मोटार पाहायला खाली उतरतो, तेव्हा तो तिच्या रंगाकडे पाहत नाही आणि किंमतही एकदम विचारीत नाही. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, एका चाकाला बुटाचे टोक लावून पाहतो आणि मग विचारतो, "किती देते?"

हा प्रश्न आपल्याकडे मोटारीच्या कितीतरी आधी म्हशीबद्दल विचारला जाई. मालक उत्तर देताना शेर-दीड शेर चढवूनच सांगे, आणि विचारणाराही तेवढे मनातल्या मनात वजा करूनच ऐके. मोटारवाल्यांनी ही परंपरा निष्ठेने सांभाळली आहे. लिटरमागे सोळा किलोमीटर चालणारी गाडी मालकाच्या तोंडून वीस देते, आणि लग्नकार्यात चार मंडळी जमली तर बावीससुद्धा देते.

मला मात्र या बाबतीत थाप मारता येत नाही, कारण माझ्याजवळ वही आहे. छत्तीस वर्षे एका विमा कचेरीत दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला कोणाचे आकडे उरले नाहीत, म्हणून स्वतःचे तपासू लागलो. गाडी आली त्या दिवसापासून प्रत्येक वेळी किती लिटर पेट्रोल घातले, मीटरवर किती किलोमीटर होते, पैसे किती गेले, हे सारे त्या वहीत आहे. शेवटच्या रकान्यात शेरे आहेत: 'घाटात दीड तास कोंडी', 'एसी सतत', 'अक्का व चार डबे लोणचे'. आमच्या सौ.ला या वहीचा भारी तिटकारा. "घरात वाण्याच्या हिशेबाला वही मिळत नाही, आणि मोटारीला पुठ्ठ्याची!" असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण पुढे जे घडले त्यात ही वही नसती, तर मी आज गाडी चालवत नसतो. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

गाडी आम्ही २०२३ च्या जानेवारीत घेतली. माझी थोरली बहीण, अक्का, पुण्यात कोथरूडला एकटी राहते. वय ७९. "डोंबिवलीला आमच्याकडे ये" म्हटले, की ती म्हणते, "माझ्या तुळशीला पाणी कोण घालील?" तुळस कुंडीसकट आणता येते हा मुद्दा मी एकदाच मांडला, पुन्हा मांडला नाही. तेव्हा दर पंधरा दिवसांनी आम्हीच पुण्याला जातो. स्टेशनचे जिने सौ.च्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून गाडी. आणि पेन्शनीत पेट्रोल परवडावे म्हणून हायब्रिड गाडी.

हायब्रिड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे थोडे ओलांडून जावे. या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. कल्पना तशी नवी नाही. फर्डिनांड पोर्शने १९०० च्या सुमारास अशी गाडी करून दाखवली होती. पण कारखान्यातून हजारोंच्या संख्येने निघालेली पहिली म्हणजे जपानात १९९७ च्या डिसेंबरात विक्रीला आलेली टोयोटाची प्रियस. हिची खरी किमया मात्र धावण्यात नाही, थांबण्यात आहे. साधी गाडी ब्रेक दाबून थांबते, तेव्हा तिचा सगळा वेग ब्रेकच्या घर्षणात तापून हवेत जातो. पेट्रोल जाळून कमावलेला वेग फुकट! हायब्रिडमध्ये तुम्ही ब्रेकवर हलकेच पाय ठेवलात, की तीच विजेची मोटर उलटे काम करू लागते. चाकांच्या जोरावर ती वीज तयार करते, ती वीज बॅटरीत जाते आणि पुढच्या सिग्नलवरून निघताना वापरली जाते. आमची आजी रात्रीच्या उरलेल्या पोळ्या सकाळी कुस्करून त्यांची फोडणीची पोळी करी, तोच हा प्रकार. म्हणून ही गाडी मोकळ्या हमरस्त्यापेक्षा शहरातल्या गर्दीत अधिक काटकसर दाखवते. उरलेसुरले गोळा करायची संधी तिला तिथेच मिळते.

जाहिरातीतला आकडा अर्थातच बराच मोठा होता. गंमत अशी की तो आकडा ज्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो, ती १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था अक्काच्या घरामागच्या वेताळ टेकडीवरच आहे. कोथरूडची मंडळी टेकडीच्या त्या भागाला एआरएआयची टेकडी म्हणतात. पण परीक्षेतली गाडी रुळांवर चाके फिरवीत जागच्या जागी धावते, ठरावीक चालीने, एसी बंद ठेवून. तिला शीळफाटा लागत नाही. तेव्हा जाहिरातीचा आकडा मी कधीच मनाला लावून घेतला नाही. आमची गाडी वहीप्रमाणे वर्षाच्या सरासरीने लिटरला २३.४ किलोमीटर देत होती, आणि आम्ही सुखी होतो.

२०२५ च्या मे महिन्यात तीस हजार किलोमीटर पुरे झाले. २४ तारखेला गाडी सर्व्हिसिंगला दिली. कारखाना अधिकृत, मोठा, काचेचा. नाव सांगण्यात अर्थ नाही. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून, सुगंधी होऊन परत आली. दोनच दिवसांनी, २६ मेला, मुंबईत पाऊस दाखल झाला. कधी नव्हे इतक्या लवकर. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी टाकी भरली, भागाकार केला आणि पुन्हा केला. १९.१.

एका भरण्यावरून निष्कर्ष काढू नये, हे कोणीही हिशेबनीस सांगेल. टाकी कधी काठोकाठ भरते, कधी पंपाची तोटी आधीच 'टक्' करून थांबते. गाडीच्या पडद्यावरचा आकडाही त्या दिवसांत भरवशाचा नव्हता, कारण कारखान्यात लहान बॅटरीची जोडणी काढल्यामुळे त्याची मोजणी शून्यापासून सुरू झाली होती. तेव्हा तोच पंप, तीच तोटी, पहिल्या टक्ला थांबायचे, असे ठरवून मी आणखी दोन टाक्या मोजल्या. १८.७ आणि १८.९. आता शंकेला जागा उरली नाही. म्हैस आटली होती.

मी कारखान्यात गेलो. तिथे एक तरुण सल्लागार असतो. हातात पाटीएवढा संगणक, गळ्यात पट्टा, वाणी अत्यंत गोड. त्याने गाडीला यंत्र जोडले आणि पडदा माझ्याकडे वळवला. "बघा सर, एकही फॉल्ट कोड नाही. गाडी एकदम ओके." मग त्याने मला कारणे सांगितली. पहिले, पाऊस. दुसरे, पेट्रोलमधले इथेनॉल. तिसरे कारण सांगण्याआधी तो जरासा घुटमळला आणि अधिकच गोड आवाजात म्हणाला, "काका, रागावू नका, पण वयाप्रमाणे पाय थोडा जड होतो. कळत नाही आपल्याला. आमच्याकडे बरेच सीनियर सिटिझन येतात ना."

बघा, 'सर'चा 'काका' झाला होता.

ही गोष्ट मी घरी सांगितली नसती, पण सौ. सोबत होती. रविवारी बंगळूरहून चिरंजिवांचा फोन आला तेव्हा तिने ती सहज म्हणून त्यांच्या कानावर घातली. पलीकडे क्षणभर शांतता. मग चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी बरेच दिवस बोलणारच होतो. घाटात तुम्ही स्वतः चालवता, ते मला पटत नाही. ड्रायव्हर ठेवा, नाहीतर गाडी काढून टाका. टॅक्सीनं जा ना पुण्याला." मुलाचा हेतू वाईट नव्हता. पण फोन ठेवल्यावर मी स्वतःच्या उजव्या पायाकडे बराच वेळ पाहत बसलो. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत एवढ्या घटीने सुमारे नऊशे रुपये जास्त जात होते. ते जाऊ द्या, तेवढ्याने आम्ही रस्त्यावर आलो नसतो. प्रश्न नऊशे रुपयांचा नव्हताच. एकाहत्तराव्या वर्षी माणसाच्या हातून एकेक गोष्ट काढून घेतली जाते, आणि काढून घेणारे सगळे प्रेमानेच घेतात. उद्या पाय, परवा डोळे, तेरवा सही. आणि पुण्याला अक्का वाट पाहत असते. टॅक्सीने दर पंधरवड्याला कोण जातो? सुरुवातीला महिन्याने, मग सणावाराला, मग फोनवर.

मी वही उघडली.

पावसाचा दावा आधी घेतला. पावसात गाडी कमी देते हे खरे. ओला रस्ता चाकांना धरतो, काचेवरची वाफ घालवायला एसी लावावा लागतो. पण गेल्या वर्षीही पाऊस पडलाच होता. २०२४ चा जून-जुलै पाहिला: सरासरी २२.६. म्हणजे पावसाच्या नावावर फार तर पाऊण-एक किलोमीटर मांडता येत होता, चार नव्हे.

मग इथेनॉल. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ज्याला त्याला इथेनॉल हे कारण सापडले होते. दूध नासले तरी इथेनॉल. यात तथ्य आहे, पण त्याला माप आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेल्या इंधनात निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. आणि पंपावर निव्वळ पेट्रोल मिळण्याचे दिवस केव्हाच गेले होते. आधी दहा टक्के होतेच. दहाचे वीस झाले तर फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आमच्या पंपावर हा बदल अगदी सर्व्हिसिंगच्याच दिवशी झाला असे धरले, तरी २२.६ चे २१.८ होतील, १८.९ कसे होतील? इथे घट सोळा टक्क्यांची होती.

उरला पाय. त्याची परीक्षा मी घरच्या माणसाकडून करवली. माझी पुतणी सव्वीस वर्षांची, मुंबईत नोकरी करते, गाडी उत्तम चालवते. एका रविवारी सकाळी तिला म्हटले, "पनवेलपर्यंत जाऊन येऊ. जाताना-येताना तू चालव." पुढच्या रविवारी त्याच वेळी, त्याच रस्त्याने, तेवढीच माणसे घेऊन मी चालवली. पडद्यावरचा आकडा पंपाच्या हिशेबापेक्षा नेहमीच थोडा उदार असतो, पण तो दोघांशी सारखाच उदार असल्यामुळे तुलनेला चालतो. तिचे १९.६ आले, माझे १९.५. पुतणी म्हणाली, "काका, एक पॉइंट तुमच्या वजनाचा." पाय निर्दोष सुटला. हा निकाल मी बंगळूरला कळवला. तिकडून "बरं" एवढेच आले; पण तो विषय काही दिवस थांबला.

आता गाडीचाच तपास. इथे पुष्कळ लोक एक घोटाळा करतात: चार गोष्टी एकदम बदलतात. मग गुण आला तर कोणत्या औषधाचा, ते कळत नाही. आमचे जुने डॉक्टर एका वेळी एकच पुडी देत. मीही एका टाकीला एकच बदल, असे ठरवले.

पहिली फुकटची पुडी म्हणजे हवा. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर ३३ लिहिलेले. सकाळी गाडी हलण्यापूर्वी, चाके थंड असताना मोजली, कारण तापलेल्या चाकात हवा जास्त दिसते. एकात २७, दोनांत २८, चौथ्यात २९. सर्व्हिसिंगच्या बिलावर 'हवा तपासणी' असा शब्द होता, आणि त्यापुढे बरोबरची खूणही. हवा नीट भरली. पुढची टाकी १९.३ आली. म्हणजे काही मिळाले, पण चोर हा नव्हे. हवेचा जाळीपंखा आणि मागच्या आसनाखालची, मोठ्या बॅटरीला थंड हवा पुरवणारी जाळी पाहिली. दोन्ही स्वच्छ. ती जाळी धुळीने किंवा एखाद्या चादरीने बुजली तर बॅटरी तापते आणि गाडी तिचा वापर आखडता घेते. हायब्रिडवाल्यांनी तिथे सामान रचू नये.

दुसरी पुडी तेलाची. बिल पुन्हा वाचले तर इंजिन ऑईल ५डब्ल्यू-३०, चार लिटर. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६, साडेतीन लिटर. हे आकडे म्हणजे तेलाचा दाटपणा. हायब्रिडचे इंजिन एकदा सुरू करून तासभर चालत नाही. ते शंभरदा बंद होते, शंभरदा सुरू होते, आणि प्रत्येक वेळी तेल क्षणात सगळीकडे पोचावे म्हणून पातळ ठेवलेले असते. शिवाय तेलाची पट्टी काढून पाहिली तर पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर. इतक्या तेलात इंजिनाचे फिरते भाग ताक घुसळल्यासारखे तेल घुसळू लागतात. पुस्तिका आणि बिल शेजारी-शेजारी ठेवल्यावर सल्लागार म्हणाला, "सर, त्या दिवशी स्टॉक नव्हता. आणि दाट तेल इंजिनाला चांगलंच." मी म्हटले, "मग पुस्तिका छापणाऱ्यांना कळवा." त्याने तेल बदलून दिले, पैसे घेतले नाहीत. पुढची टाकी १९.८. अजूनही तीन किलोमीटरचा पत्ता नव्हता.

एक लक्षण मात्र माझ्या नजरेत येऊ लागले होते. पूर्वी डोंबिवलीच्या गल्ल्यांतून गाडी इंजिन न लावता, मुकाट, विजेवर जाई. इतकी की सायकलवाले दचकत. आता तिचे इंजिन जरा काही झाले की जागे होई. बॅटरी लवकर उतरते आणि भरत मात्र नाही, असे पडदा दाखवीत होता. कमाई कमी आणि खर्च जास्त, दोन्ही एकदम.

हे कोडे आमच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मुलाने सोडवले. ऑगस्टमध्ये पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. सकाळी तो बादली घेऊन गाडीपाशी बसला होता, मी पेपर घेऊन खाली उतरलो. तो म्हणाला, "काका, तुमच्या गाडीचं हे एकच चाक रोज काळं होतं. बाकीची नाही होत." पुढचे, डावे. मी वाकून पाहिले. चाकाच्या आऱ्यांवर बारीक काजळीसारखी भुकटी. ती भुकटी ब्रेकच्या पॅडची असते. आणि हायब्रिडमध्ये ती फारशी दिसूच नये; थांबण्याचे बहुतेक काम मोटर करते, ब्रेकच्या वाट्याला शेवटचे दोन पावले येतात. मग या एकाच चाकावर ब्रेक घासतो कोण?

त्या दिवशी मोकळ्या रस्त्याने, ब्रेक शक्य तितका न लावता, पंधरा किलोमीटर जाऊन आलो. खाली सौ. उभी होती. मी चाकाजवळ तळहात नेला, तर उष्णता लागली. बाकीची तिन्ही कोमट. "थांबा," म्हणून ती वर गेली आणि तांब्या घेऊन आली. तवा तापला का, हे ती चाळीस वर्षे ज्या रीतीने पाहत आली, त्याच रीतीने तिने चाकाच्या आऱ्यांमधून ब्रेकच्या तबकडीवर चार थेंब शिंपडले. उजव्या चाकावर ओघळून गेले. डाव्या चाकावर चुर्र झाले.

तिने माझ्याकडे पाहिले. पुढच्याच शनिवारी आम्ही अक्काला आणायला जाणार होतो. तिच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन इकडे ठरले होते. येताना बोरघाट उतरायचा. एक चाक आधीच तापलेले, त्यात उतारावर ब्रेकवर ब्रेक. ब्रेकमधले तेल जुने होत जाते तशी हवेतली ओल शोषते आणि कमी उष्णतेला उकळू लागते. साध्या प्रतीचे कोरडे तेल २०५ अंशांना उकळते, ओल धरलेले १४० ला. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुड्यांवर दाबलेला ब्रेक उशीत दाबल्यासारखा आत जातो. दोन महिने आम्ही असाच घाट उतरत होतो. मागे अक्का माळ ओढीत बसलेली, पुढे मी भागाकार करीत. सौ. म्हणाली, "शनिवारी कल्याणहून गाडीनं जाऊ. जिने मी चढेन." 'गाडी' म्हणजे आगगाडी, हे सांगायला नकोच.

कारखान्यात सल्लागाराने पुन्हा यंत्र जोडले आणि पुन्हा पडदा वळवला. एकही दोष नाही. त्या यंत्राची काय चूक? जिथे तार गेलेली आहे तेवढेच ते जाणते. ब्रेकच्या पिनेपर्यंत तार गेलेली नसते. मी म्हटले, "आपण गाडी उचलून चाक हाताने फिरवून पाहू." तो म्हणाला, तशी पद्धत नाही. मी खुर्चीवर बसलो आणि वही उघडली. वही उघडून बसलेल्या म्हाताऱ्याचे काय करायचे, हे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते. अर्ध्या तासाने आतून एक वयस्कर मेकॅनिक आला. साठीला टेकलेला, बोलायला अगदी कमी. त्याने गाडी उचलली. उजवे चाक हाताच्या धक्क्याने फिरले. डावे खसखसत पाव फेरी गेले आणि थांबले. त्याने चाक काढले, कॅलिपर सोडवला.

कॅलिपर म्हणजे तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेकचा पंजा. तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पाय उचलला की चिमटी सैल व्हावी म्हणून. दोन्ही पिना दिसायला जुळ्या बहिणींसारख्या, पण आमच्या गाडीत एकीच्या टोकाला रबराची टोपी असते, दुसरीला नसते, आणि ज्या भोकाची जी पिन, तीच तिथे जावी लागते. मेच्या बिलावर 'ब्रेक सफाई' असा एक रकाना होता. सफाई झाली होती. परत बसवताना वरची पिन खाली आणि खालची वर गेली होती. रबरवाली पिन आत फुगून अडकली होती. ब्रेक लागे, पण पुरता सुटत नसे. आतल्या बाजूचे पॅड झिजून नखाएवढे उरले होते. बाहेरचे जवळजवळ नवे.

इथे सगळा हिशेब जुळला. जाताना मोटरला ते चाक ओढीत न्यावे लागे, म्हणून खर्च जास्त. थांबताना, जो वेग विजेच्या रूपाने घरी परत यायचा, त्यातला वाटा हे चाक आधीच तापवून उधळून टाकी, म्हणून कमाई कमी. साध्या गाडीतही हा दोष पेट्रोल खाल्ल्याशिवाय राहत नाही, पण तिला परत मिळणारे काही नसतेच. हायब्रिडचा सगळा संसारच उरल्यासुरल्यावर चाललेला. तिथे एक भोक मोठे होते.

मेकॅनिकने ती पिन फडक्याने पुसली, दोन बोटांत धरून माझ्यासमोर केली आणि काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, वही बघू?" मी दिली. तो शेवटून मागे पाने उलटत गेला, मे महिन्यापाशी थांबला, बोट ठेवले आणि मान हलवली. दोन्ही चाकांची पॅड नवीन, पिना आपापल्या जागी, त्यांना योग्य ते ग्रीस, ब्रेकचे तेल ताजे. बिल शून्य रुपयांचे आले. सल्लागार मला दारापर्यंत पोचवायला आला. मी पुन्हा 'सर' झालो होतो.

अक्का रेल्वेनेच आली, ऑपरेशन झाले, आणि सप्टेंबरात डोळ्याला काळा चष्मा लावून ती आमच्या गाडीतून पुण्याला परत गेली. घाट चढताना मी तिला सगळी हकीकत सांगितली, पिनेसकट. ती ऐकत होती, निदान मला तसे वाटले. लोणावळ्याला चहा पिताना तिने विचारले, "मग आता ती म्हैस किती देते?" बंगळूरला हाच प्रश्न मी वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवून मिटवला. चिरंजिवांनी उलट कळवले की पुढच्या खेपेला ते येतील तेव्हा घाटात मीच गाडी चालवावी, त्यांना झोप काढायची असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरची सरासरी २२.९ आली. पूर्वीच्या २३.४ पर्यंत अजून अर्धा किलोमीटर कमी पडतो. तो कुठे गेला याचा शोध चालू आहे. सौ.चा संशय इथेनॉलवर आहे, माझा नव्या पॅडवर; पुतणीचा अर्थातच माझ्या वजनावर. पुढच्या खेपेला अक्का तुळशीची कुंडी बरोबर घेणार म्हणते. कुंडी दगडी आहे. शेऱ्याच्या रकान्यात जागा ठेवली आहे.